गाठोडं उसवण्याबाबत

मी, श्रीमती दोमिंगास तावारेस, वय एक्याऐंशी, मूळची केप व्हर्देच्या सांतियागो बेटावरची, हल्ली राहणार रॉटरडॅम, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, डोकं ठिकाणावर आहे.

१. घर भाड्याचं आहे, त्यावरून कुणी भांडू नये. बँकेत उरेल ते माझा मुलगा आदेरितो यास. मका शिजवायचं मोठं पातेलंही त्यालाच. सुनेने त्यात झाड लावलं तरी बघायला मी नसेन.

२. माझं बातुकचं, म्हणजे आमच्या बायकांच्या नाचगाण्याचं, गाठोडं. आम्हा बायकांना ढोल लागत नाही. गोल बसायचं, कापडाचं गाठोडं मांड्यांत धरून बडवायचं, एकीने मध्ये नाचायचं. पाद्र्यांनी आणि गोऱ्या साहेबांनी बंदी घातली, तरी आमच्या आज्या बडवत राहिल्या. या शहरात आल्यावर प्रत्येकीने आपल्या जुन्या कपड्याचा तुकडा दिला, त्यांचं हे गाठोडं झालं. त्यांतल्या आता मी आणि झुल्मिरा, दोघीच जिवंत उरलो. सरळ ठोका माझा, मधल्या जागा भरायची ती. एकटीने बडवलं तर सतरंजी झटकल्यासारखं वाटतं. गेली नऊ वर्षं मी सतरंजीच झटकते आहे.

३. झुल्मिराबाबत. नाचून झालं की कमरेचा फडका सोडून दुसरीच्या कमरेला बांधायचा आणि तिने उठायचं. तो कुणी नाकारत नाही. नऊ वर्षांपूर्वी संत जॉनच्या सणाला मी फडका घेऊन झुल्मिरापुढे गेले. भरल्या मंडळीत ती म्हणाली, "तुझ्या हातचा नको. आधी माझ्या पोरीची माफी माग."

"कशाबद्दल गं?"

"'नाचतेस की मका कांडतेस' म्हणालीस ना तिला? रडत घरी आली पोर."

"मग, कांडतच होती!"

ती उठून गेली. तिच्यामागून निम्म्या बायका गेल्या, पोरी तर पुन्हा फिरकल्याच नाहीत. बंदी घालणाऱ्यांना जे साधलं नाही, ते आम्ही दोघींनी करून दाखवलं. माझं म्हणणं आजही तेच आहे, पोर कांडतच होती.

४. माझ्यामागे गाठोडं उसवावं आणि जिचा तुकडा तिच्या घरी पोचवावा. पिवळ्या पोलक्याची बाही झुल्मिराची आहे. ती परत देऊ नये, माझ्यासोबत पुरावी. दफनाच्या वेळी वाजवण्याचा आग्रह धरू नये. वाजवणार कोण?

५. साक्षीदार दोन लागतात. दुसरी सही झुल्मिराचीच हवी, आणखी कुणाची मी घेणार नाही. नोटरीबाई म्हणाल्या, "आजी, मग हा कागद रद्दीत जाईल." जाऊ दे.

ठिकाण: रॉटरडॅम
दिनांक: ११ नोव्हेंबर

सही: दोमिंगास तावारेस

साक्षीदार पहिले: आर्मांदो सेमेदो, खालच्या मजल्यावरचे न्हावी

साक्षीदार दुसऱ्या: झुल्मिरा बोर्जेस
(जागा कोरी ठेवली आहे. आर्मांदो निरोप घेऊन गेला होता. आत दिवा होता, तिने दार उघडलं नाही.)