नानांच्या ठोक्यांची पट्टी

धुळे
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

सौ. दिपमाला वहिनींस नूतनचा नमस्कार.

तुमच्या आईचे गुडघे आता कसे आहेत? भडगावला थंडी अजून असेल, इथे दुपारी पंखा लागायला लागलाय. दवाखान्यात गर्दी आहे. दिवसाला ईसीजीच्या तीस-तीस पट्ट्या निघतात.

तुम्ही माझा फोन उचलत नाही, ते बरोबरच आहे. पण पत्र त्यासाठी नाही. बोललेलं नाकारता येतं, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही. हा कागद तुम्हाला कुणालाही दाखवता यावा म्हणून लिहितेय.

चार सप्टेंबरला तुम्ही फोन केलात. नानांचं मनगट धरून बसला होतात. घाबरलात की तुमच्या तोंडी माहेरची बोली येते. "ताई, काही बराबर नही शे," म्हणालात, "दोन ठोक्यांत सारखं अंतरच लागत नाही." पहूरच्या डॉक्टरांनी ईसीजी काढून रक्त पातळ करायची गोळी लिहिली होती आणि जळगावला दाखवा म्हणून सांगितलं होतं. तुम्ही पट्टीचा फोटो पाठवलात. माझ्यासमोर चौदा पेशंट बसले होते. मी मोबाइलवरच पाहिला, तेही पहिले सहा-सात ठोकेच, आणि म्हणाले, "काही नाही हो, सुटलेले ठोके आहेत. नानांचा चहा कमी करा. ती गोळी देऊ नका, उगाच रक्तस्राव व्हायचा. मी सांगते ना."

"मी सांगते ना" म्हटल्यावर तुम्ही गोळ्यांचं पाकीट ठेवून दिलंत.

सुटलेला ठोका म्हणजे काय, ते तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. ठोके एका लयीत चाललेले असतात, मध्येच एक लवकर येतो, मग जरा थांबतं आणि पुन्हा तीच लय सुरू होते. पुष्कळांना होतं. हृदय चांगलं असेल तर बहुधा काही करावं लागत नाही. दुसरी एक धडधड असते, ती एकदम सुरू होते, एकदम थांबते. ती जोरात असते, पण तिच्यात अंतर सारखं असतं. नानांचं या दोन्हींतलं नव्हतं. त्यांच्या हृदयाचे वरचे कप्पे आवळायचे सोडून नुसते थरथरत होते. त्यात लय नसतेच. थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साचतं, गुठळी होते आणि ती मेंदूकडे जाऊ शकते. गोळी त्या गुठळीसाठी होती. मशीन नसताना, नुसत्या बोटांनी तुम्ही ते ओळखलं होतंत, वहिनी. सतरा वर्षं पट्ट्या काढणारीने ओळखलं नाही.

सव्वीस तारखेला नानांचं तोंड वाकडं झालं, उजवा हात पडला. जळगावच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, गोळी चालू होती का? तुम्ही म्हणालात, नाही. लीलाधरभाऊ सगळ्यांसमोर ओरडला, "तू बंद केलीस? कुणाला विचारून?" तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी हातातल्या फाइलमध्ये पाहत राहिले.

नवव्या दिवशी नाना गेले. तेराव्यानंतर भाऊने तुम्हाला माहेरी भडगावला नेऊन सोडलं. गाडीत बसताना तुम्ही मला एवढंच म्हणालात, "ताई, तुम्ही बोलाल म्हणून मी थांबले होते."

इथपर्यंतचं तुम्हाला माहीत आहे. पुढचं नाही.

पाच सप्टेंबरला, म्हणजे दुसऱ्याच दिवशी, दवाखान्यात जरा निवांत होते. तो फोटो कॉम्प्युटरवर मोठा करून छापला आणि कर्कटक घेऊन अंतरं मोजली. एकही अंतर दुसऱ्याशी जुळेना. प्रत्येक ठोक्याआधी जो लहानसा उंचवटा दिसायला हवा, तो कुठेच नव्हता. मला कळलं, वहिनी. त्याच दिवशी कळलं.

मी लगेच घरी फोन लावला. भाऊने उचलला. "नूतन, तुझ्यामुळे जळगावची फेरी वाचली," म्हणाला, "नाना सगळ्या गावाला सांगतायत, माझी पोरगी डॉक्टरपेक्षा हुशार." मागे नानांचं हसू ऐकू येत होतं. मी विचारलं, "कापूस कसा आहे?" आणि फोन ठेवला.

नवरात्रात पहूरला गेले की नानांना गुपचूप धुळ्याला आणून आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरसरांना दाखवू, असं ठरवलं. म्हणजे माझं चुकलं हे कुणाला कळणार नाही. मध्ये एकवीस दिवस होते आणि रोज फोन हातात होता. पहिल्या दिवशी चुकले, ती चूक होती. नंतरच्या एकवीस दिवसांना काय म्हणायचं, ते तुम्ही ठरवा.

आमच्या सरांना सांगितलं. ते म्हणाले, "पट्टी काढणं तुझं काम, वाचणं माझं. किती वेळा सांगितलं होतं?" गोळी घेतली असती तर नाना नक्की वाचले असते असं कुणी सांगू शकत नाही, असंही म्हणाले. त्या वाक्याला धरून बसायचा मी प्रयत्न केला. जमलं नाही.

काल पहूरला गेले. तुमची मयुरी दहावीचा अभ्यास करत होती. तिला बाहेर पाठवलं नाही, तिच्यासमोरच भाऊला सगळं सांगितलं. भाऊ ओरडला नाही. "चार महिने?" एवढंच विचारलं. मग म्हणाला, "आता कुठल्या तोंडाने तिला आणायला जाऊ?" जरा वेळाने म्हणाला, "तू निघ. परत येऊ नको." मयुरी मला फाटकापर्यंत सोडायलाही आली नाही. आई चुलीपाशी बसली होती, तिने मान वर केली नाही.

भाऊ बुधवारी भडगावला येणार आहे, मयुरीला घेऊन. जायचं की नाही, ते तुमचं तुम्ही पाहा. माझ्याकडे पाहून जाऊ नका आणि माझ्यामुळे राहूही नका. उत्तराची वाट मी पाहणार नाही.

वर लिहिलेलं सगळं खरं आहे आणि ते मी स्वतःच्या हाताने लिहिलं आहे.

नूतन कौतिक पाटील
ईसीजी टेक्निशियन, धुळे