आक्काचा आवाज सुरक्षित आहे

२ ऑगस्ट, निपाणी
आजपासून घरचा स्वतःचा सर्व्हर. सत्तर वर्षं एका सीमेचा निकाल लागेना आणि आपले फोटो कुठल्या देशात पडलेत हेही आपल्याला ठाऊक नाही, हे बरं नव्हे. पुतण्या गोमटेश बेळगावहून येऊन एक छोटा संगणक आणि दोन डिस्कचं स्टोरेज कपाटात बसवून गेला. म्हणाला, काका, कंटेनर म्हणजे नुसता काम करणारा डबा. माल स्टोरेजवर ठेवायचा. समजलं. फोटोंच्या कंटेनरला 'भुजंगप्रयात' नाव दिलं, गाण्यांच्या कंटेनरला 'मंदाक्रांता'. आमच्या पद्मावतीबाई म्हणाल्या, नावं ठेवून झाली, घुगऱ्या कधी वाटताय?

५ ऑगस्ट
मंदाक्रांतेची सेटिंगची फाइल उघडली. ओळी कशा जागा सोडून, कडव्यासारख्या! एकच ओळ भलती लांब, तिरप्या रेघांनी भरलेली. सगळी लय मोडत होती. काढली. तरी सुरू झाली. यंत्रालाही कान असतो.

१० ऑगस्ट, दुपार
सदलग्याहून भाची निशा आली. तिची आई, म्हणजे माझी आक्का, जाऊन चार वर्षं झाली, तिच्या आवाजाची एकच कॅसेट उरलीय. म्हणाली, मामा, दुकानात द्यायला भ्या वाटतंय, तुमीच करा. टेप लावला, फोनवर रेकॉर्ड केलं. आक्काला चौथीतून काढलं होतं. माझ्या पुस्तकातल्या कविता माझ्याआधी तिच्या पाठ, शेंगा फोडत म्हणायची. टेपमध्येही टरफलं फुटतात. मध्येच, गप रं, चुकलं की माझं! हे मला. कविता संपली आणि फीत गुरफटली. ओढताना तुकडे झाले. हरकत नाही, काम झालं होतं.
मंदाक्रांतेत ठेवलं, फोनवरचं पुसलं. दोन-दोन ठिकाणी ठेवणं म्हणजे स्वतःवर अविश्वास. सदलग्यात बसून ऐकायची सोय तेवढी करायचीय. निशाला सांगितलं, आईचा आवाज आता सुरक्षित आहे. ती रडली. मीही.

१९ ऑगस्ट
बाहेरून ऐकायची सोय नव्या आवृत्तीत सोपी आहे म्हणे. जुना कंटेनर मोडला, नवा उभारला. सगळे दिवे हिरवे. मंदाक्रांता मात्र रिकामी दिसते. गाणी मोजून घेत असणार.

२० ऑगस्ट
अजून मोजतेय.

२५ ऑगस्ट
निशाचा फोन. मामा, ऐकायला कधी मिळंल? म्हटलं, दोन दिवस. गोमटेशला विचारावं का? नको. माणसानं स्वावलंबी असावं. बंद करून चालू केलं. पुन्हा केलं. संध्याकाळ तशीच गेली.

२८ ऑगस्ट
आम्हा जैनांचं दशलक्षण पर्व सुरू, दहा दिवस. झाडताना पद्मावतीला दिसलं, सर्व्हरच्या उबेला मुंग्या, अंड्यांसकट. म्हणाली, आधी त्यो आतला पंखा थांबवा. पर्व संपेस्तोवर हात लावलासा तर बघा! बंद केला. धर्मापुढे काय करणार? खरं म्हणजे हलकं वाटलं. निशाला कळवलं, यंत्रालाही पर्वात विश्रांती.

१ सप्टेंबर
निशा म्हणाली, मुंग्यांची सोय झाली मामा, आईचं काय? म्हटलं, मुंग्या आवाज खात नाहीत. हसली बिचारी.
मुंग्यांनी आपणहून बाहेर यावं म्हणून कपाटाबाहेर साखर ठेवली. दुपारपर्यंत दुप्पट झाल्या, साखर घेऊन आत. पद्मावती म्हणाली, पावणं बोलवून झालं, आता पंगत वाढा.

७ सप्टेंबर
पर्व काल संपलं. मुंग्याही गेल्या, कुणी न घालवता. गोमटेश कोल्हापूरला जाताना उतरला. सेटिंगची फाइल उघडून वरपासून खालपर्यंत वाचली. मग म्हणाला, काका, स्टोरेजची वाट दाखवणारी लांब ओळ कुठं गेली? ती नव्हती म्हणून गाणं डब्यातच राहिलं आणि डबा तुम्ही मोडलासा. डिस्कवर गाण्यांची जागा कोरी हाय.
विचारलं, कुठेतरी थोडंसं उरलं असेल? न्हाय, काका. फोनमध्ये? पुसून महिना झाला. मग फितीचे तुकडे! पद्मावती म्हणाली, ते घेवड्यावर बांधल्यात की, पाखरं येत न्हाईत. परसात जाऊन पाहिलं. पावसानं पांढरे पडलेत.
जाताना गोमटेश म्हणाला, निशाताईला आजच सांगा. म्हटलं, सांगतो, योग्य शब्द सुचू देत.

८ सप्टेंबर, क्षमावाणी
शब्द सुचले. मंदिरातून आलो आणि निशाला फोन लावला. म्हटलं, निशा, माझ्याकडून जाणता-अजाणता काही चूक झाली असेल तर उत्तम क्षमा.
ती म्हणाली, उत्तम क्षमा, मामा. तुमची कसली चूक? तुमी तर आईला सांभाळून ठेवलंय.
क्षमा मागितली, तिने केली. आज कोणीच कोणाला चुकांचा तपशील विचारत नाही, हीच या दिवसाची थोरवी. मन अगदी निर्मळ झालं होतं, फोन ठेवणारच होतो.
निशा म्हणाली, रविवारी येते मामा. लांबून कशाला, तुमच्यापाशी बसूनच ऐकते.
ये, म्हटलं.