राकेल आणि जिनिव्हा

१२ जून १९३४, आमगाव
जिनिव्हाच्या राष्ट्रसंघात माणसं घेतात, जगाचं आरोग्य सुधारायला. मी इंटर (दोनदा). इंग्रजी फर्डं. मानवजातीविषयी भयंकर कळकळ. फक्त समाजसेवेचा अनुभव हवा आणि एखाद्या बड्या साहेबाची शिफारस. अनुभव इथेच घ्यावा म्हणतो. घाण भरपूर आहे.

१५ जून
मलेरिया निवारण मंडळ स्थापन. सेक्रेटरी मी. सभासद मिळाले की घेईन.
वस्तीत चक्कर मारली. शेण, चिखल, शेंबडी पोरं. नाकाला रुमाल लावूनच भाषण केलं. कोणाला ऐकू गेलं नाही. आई म्हणाली, रुमाल काढून बोल ना मंग. आईला आंतरराष्ट्रीय दृष्टी नाही.

२३ जून
नागपूरहून आरोग्य खात्याचे साहेब मंडळाचं काम बघायला येणार. पुढल्या महिन्यात. शिफारस मिळाल्यातच जमा.
थोरला भाऊ खुशालदादा म्हणाला, भोज्या, यंदा रोवणीले उतरजो, माणसं कमी पडून राहिली. मी? भातलावणीला? गुडघाभर चिखल, त्यात जळवा. नुसत्या विचाराने जेवण गेलं नाही. वरणभात कसाबसा दोनदा घेतला.

३ जुलै, सकाळ
बोडीवर गेलो. दादा तिला तळं म्हणतो. डबकं आहे. हिरवं शेवाळ, म्हशी डुंबताहेत आणि त्याच पाण्यात बाया भांडी घासताहेत. रुमाल दुहेरी केला. साचलेल्या पाण्यावर राकेल ओता, डास मरतात, असं पुस्तकात स्पष्ट आहे. घरातलं आणि नंदलालच्या दुकानातलं मिळून चार डबे ओतले. साहेब खूश होणार.
आमच्याकडे कामाला येणारी धुरपता बांधावरून म्हणाली, काऊन जी, पाण्यात राकेल कायले ओतून राहिले? म्हटलं, बाई, तुमच्याच भल्यासाठी. या लोकांचा वीट आलाय.

७ जुलै
पावसाची दडी. धानाचे पऱ्हे, म्हणजे लावणीची कोवळी रोपं, वाळतील म्हणून दादाने काल बोडीचं पाणी त्यांच्यात सोडलं. मला न विचारता.

१० जुलै
पऱ्हे पिवळे पडून लोळले. रोवायला एक काडी नाही. म्हणजे वर्षभराचा भात गेला. दादा बांधावर बसून राहिला. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. चूक पाणी सोडणाऱ्याची, असं माझं तटस्थ मत आहे. ते कोणाला सांगितलं नाही.
डास आहेतच.

१५ जुलै
पाऊस लागला. वस्तीतल्या लोकांनी आपापले उरलेले पऱ्हे जुड्या बांधून आणून टाकले. त्याच शेंबड्या पोरांच्या बापांनी. आई म्हणाली, लोकं आपल्या बांधीत उतरून राहिले, तू उतरणार नसशील तं घरी भात मागू नको. तत्त्वाचा प्रश्न होता. भूकही होती.

१७ जुलै
बांधीत उतरलो, म्हणजे भाताच्या खाचरात. शिसारी म्हणजे काय ते आज कळलं. बोटांच्या फटींतून चिखल वर येतो. पोटरीला जळू. कंबर मोडली. तोंडावरही चिखल, पुसायला हात स्वच्छ नाही. रुमाल कुठे पडला देव जाणे.
तेवढ्यात बांधावर साहेब. बूट, टोपी, हातात छत्री. मलाच विचारलं, सेक्रेटरी साहब किधर है?
मी वाकलेला, धोतर वर खोचलेलं. तोंडातून निघून गेलं, जिनिव्हाले गेले जी.
साहेबांनी मान डोलावली. म्हणाले, बड़ा काबिल आदमी होगा. बोडीकडे न बघताच स्टेशनकडे निघून गेले. दादा पाठमोरा होता, पण त्याचे खांदे हलत होते. आठवड्यात पहिल्यांदा हसला मेला.
धुरपताने विचारलं, जिनिव्हा सालेकशाच्या टेशनाच्या अलीकडे का पलीकडे? म्हटलं, पलीकडे. मंग जायच्या आधी एवढी बांधी रोवून घ्या, म्हणाली, अन् ओळ सरळ धरा.