माझ्या जागेवर बदली

अण्णा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी माझा राग थंड झालेला नाही, हे आधीच सांगून टाकते. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी नेमकी तेच करायला बसले आहे.

तुम्ही मिलच्या टाइम ऑफिसात होतात. सकाळी भोंगा झाला की गेटवर बदलीवाले उभे असायचे, आणि जो आला नाही त्याच्या साच्यावर, म्हणजे मागावर, कोणाला पाठवायचं ते तुम्ही बोट दाखवून ठरवायचात. बाप आजारी पडला तर लेक, लेक गावी गेला तर काका. जागा रिकामी राहता कामा नये, बस. अख्खी चाळ तुम्हाला बाबूजी म्हणायची. मिल बंद पडली तरी वर्षभर तुम्ही धुतलेला शर्ट घालून गेटपर्यंत जाऊन येत होतात. आई विचारायची कुठे निघालात, तर म्हणायचात, बघून येतो.

त्याच वर्षी मी इंदूरच्याच मल्हारगंजातल्या एका बाईंकडे स्पॅनिश शिकायला लागले. नवऱ्याच्या नोकरीपायी त्या बरीच वर्षं पेरूमध्ये राहून आल्या होत्या. पुस्तक नव्हतंच, शाळेचा एक नकाशासंग्रह आणि दर आठवड्याला एक देश. मेक्सिकोच्या आठवड्यात बाजारहाट झाला: मका, मिरची, टोमॅटो, सगळं मूळचं तिकडलं म्हणे, आणि आपण इकडे मिरवतो. बोलिव्हियाच्या आठवड्यात 'आमच्याकडे समुद्र नाही' हे वाक्य. इंदूरच्या मुलीला ते पाठ करायला कितीसा वेळ लागणार! कोलंबियात कित्येक घरांत आईबापांना 'उस्तेद' म्हणतात, म्हणजे तुम्ही. आपल्यासारखंच झालं की, असं मी म्हटलं तर बाई हसल्या. पेरूच्या आठवड्यात मी घरी 'आल्गोदोन, आल्गोदोन' घोकत होते, तेव्हा तुम्ही पेपर खाली ठेवून विचारलंत, काय ते? कापूस, मी म्हटलं. तुम्ही म्हणालात, पेरूचा कापूस लांब धाग्याचा, नाव आहे त्याचं. त्या संध्याकाळी तुम्ही मला फार आवडला होतात. तेही लिहून ठेवते, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहिलं.

मग बाजार खुला झाला. इंदुरातली एक औषधांची कंपनी तिकडच्या देशांना माल पाठवायला लागली आणि त्यांना स्पॅनिशमध्ये पत्रं लिहिणारं माणूस हवं होतं. परीक्षेत मला ग्वातेमालाच्या गिऱ्हाइकाला, खोकी उशिरा पोचतील, माफ करा, असं लिहायला दिलं. मी लिहिलं. आठवड्यानं घरी कागद आला, सोमवारी हजर व्हा. मिल बंद झाल्यापासून घरात आलेली पहिली नोकरी, आणि तिच्यावर माझं नाव होतं.

सोमवारी तुम्ही तो कागद घेतलात आणि माझ्याऐवजी धाकट्या भावाला घेऊन गेलात. तुमच्या डोक्यात सरळ होतं सगळं: जागा घरात आली, आता घरातलं कोण पाठवायचं ते बाप ठरवणार. पोरगी लग्न करून जाईल, जागा वाया जाईल. धाकट्याला स्पॅनिशचं ओ की ठो माहीत नव्हतं. साहेबानं विचारलं तर तुम्ही छाती काढून सांगितलंत, "साब, बहन की बदली में आया है. काम पे खड़ा करो, सीख जाएगा." साहेब म्हणाला, "बाबूजी, ये मिल नहीं है." हे सगळं मला धाकट्यानं सांगितलं, मान खाली घालून. दुपारी मी स्वतः गेले, तर दुसऱ्या नंबरच्या मुलाला बसवलं होतं. ज्या घरात एकाचा कागद दुसरा घेऊन येतो, तिथल्या माणसावर भरवसा कसा ठेवायचा, असं साहेब म्हणाला. तेलही गेलं, तूपही गेलं. मी परत आले तेव्हा तुम्ही जेवत होतात.

सूड मी घेतला, अण्णा. तुम्हाला कळला नाही एवढंच. शेवटचे तीन महिने तुम्ही अंथरुणाला खिळलात, तेव्हा दलिया भरवताना मी रोज तुम्हाला स्पॅनिशमध्ये शिव्या दिल्या. हळू आवाजात, हसतमुखानं. एक दिवस मेक्सिकोच्या, एक दिवस अर्जेंटिनाच्या. बाईंनी त्या शिकवल्या नव्हत्या, मी मुद्दाम मिळवल्या होत्या. आईला वाटायचं कसलंसं स्तोत्र म्हणते आहे. शेजारच्या काकू म्हणायच्या, किती सेवा करते हो पोरगी. तुम्ही माझा हात धरून मान हलवायचात. मला तेव्हा लाज वाटली नाही, आणि आजही आठवलं की बरंच वाटतं.

आता इंदूरजवळ राऊला माझे स्पॅनिशचे वर्ग चालतात. पहिल्या दिवशी देशबिश नंतर, आधी तुमची गोष्ट. माझ्या बापानं मला न विचारता माझी नोकरी भावाला द्यायला नेली आणि घालवली, असं रंगवून सांगते. पोरी चुकचुकतात, तुमचा उद्धार करतात. मला समाधान होतं.

हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून पुढचं लिहिते. त्या सोमवारच्या आदल्या दिवशी सकाळी मी कणीक मळत होते, तेव्हा तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिलात. आत आला नाहीत. म्हणालात, "उद्या याला पाठवला तर चालेल का गं? तू नाही म्हण, नाही पाठवणार." असं विचारायला तुमची जीभ रेटली, याचाच मला संताप आला. तिथे धाकट्याला कोणी उभं करणार नाही, चार लोकांत तुमची चांगली फजिती होईल आणि मग मला बोलावतील, अशी माझी खात्री होती. मी वर न बघता म्हणाले, "पाठवा."