हळदीकुंकवात घेतलेलं नाव

अहो,

गजाननाच्या कृपेने घरी सगळं ठीक. पाठवायला तुमचा पत्ता नाही, तरी लिहिते.

काल समोरच्या कलावतीवहिनींकडे हळदीकुंकू होतं. मी उखाण्यात तुमचं नाव घेतलं, तर त्या हसून म्हणाल्या, "सोडून गेलेल्याचं कसलं गं नाव घेतेस?"

तुम्ही गुप्तहेर खात्यात आहात, एवढं बोलले असते तर सगळ्या गप्प झाल्या असत्या. पण तुमची ओळख उघड करणं कायद्याने गुन्हा, शिवाय तुमच्या जिवाला धोका. मी म्हणाले, "सवय झालीय, वहिनी." वाण घेतलं आणि निघाले.

परत आलात की कुणाला काही सांगू नका. फक्त संध्याकाळी गॅलरीत माझ्याशेजारी उभे राहा, समोरच्यांना दिसाल असे.

तुमचीच,
माधवी
मु. कोपर