बेवा म्हणजे थरथरणे

३ फेब्रुवारी
नात इशिता स्वीडनमध्ये वाढतेय, फक्त स्वीडिश बोलते. तिच्याशी कॉलवर बोलता यावं म्हणून कौशल्या डिसेंबरपासून शेजारच्या हरिदासकडे स्वीडिश शिकतेय. तो कंपनीतर्फे दोन वर्षं तिकडे होता. रोज चारला आमच्याकडे हजर. चहा, वर शेव. फरीदाबादेत बसून बायको काही शिकली तर चांगलंच. मला काही प्रॉब्लेम नाही. शेव मात्र माझ्यासाठी आणलेली होती.

४ फेब्रुवारी
आज ‘दर्रा’. म्हणजे थरथरणे. हरिदासने कुडकुडून दाखवलं. ही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. एवढं काय? ठरलं. आठ दिवसांत त्याच्या पुढे जायचं.

६ फेब्रुवारी
सापडला! ‘बेवा’. हेही थरथरणे, पण आतून, भीतीने. आपल्या संस्कृत ‘बिभेति’शी सख्खं नातं, ‘भय’ त्याच घरातलं. हरिदासला शाळेत संस्कृतात पस्तीस असणार.

७ फेब्रुवारी
व्याकरण किरकोळ. बेवार, थरथरतो. बेवादे, थरथरला. मी, तू, ती, सगळ्यांना एकच रूप. पुरुष थरथरतोय की बाई, क्रियापदावरून पत्ता लागत नाही. सोयीची भाषा.

९ फेब्रुवारी, संध्याकाळी
चहाच्या वेळी टाकला: ‘या बेवार’, मी थरथरतो. कौशल्या दचकली. हिंदीत बेवा म्हणजे विधवा, भलतं काही तोंडातून काढू नका म्हणाली. हरिदास म्हणाला, वा, पण पुस्तकी शब्द, रोज कुणी वापरत नाही. मात्र भूकंपाला सगळे ‘यूर्डबेवनिंग’च म्हणतात, जमिनीचं थरथरणं. तिने लगेच वहीत उतरवलं. शब्द माझा, क्रेडिट त्याला!

१२ फेब्रुवारी, सकाळी ७
भूकंप. पंखा हलला, कपाट वाजलं. मी प्रसंगावधान राखून तीन मजले उतरलो, रस्ता सेफ आहे का बघायला. पार्कपर्यंत सेफ होता. पाच मिनिटांनी हरिदास कौशल्याला हाताला धरून, एकेक पायरी, खाली घेऊन आला. तिचे गुडघे दुखतात. मी वर जाणारच होतो. तिने एवढंच विचारलं, अहो, चप्पल कुठे तुमची?

त्याच दिवशी, साडेचार
इशिताचा कॉल. कौशल्या तिला काहीतरी सांगत होती, मला ‘यूर्डबेवनिंग’ तेवढं कळलं. मग माझ्याकडे बोट केलं. नंतर विचारलं, काय सांगितलंस? म्हणाली, आजोबा कुठे होते विचारत होती. सांगितलं, माझा हात धरून होते.
हरिदास समोरच बसला होता. म्हणाला, वाक्य अगदी बरोबर.