तपासणीत पास

ता. ६ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू शिवून पाठवलेला सदरा पोचला. तोच घालून काल अपंगांच्या भत्त्याच्या तपासणीला गेलो होतो. तू देव पाण्यात घालून बसली असशील, म्हणून आधी निकाल सांगतो. तपासणी झकास झाली.

सॉ मिलच्या करवतीनं माझ्या उजव्या हाताची तीन बोटं नेली आणि उरलेली दोन नुसती शोभेला आहेत, हे तुला ठाऊकच आहे. पण म्हणून लोकांपुढे दीनवाणं तोंड करायला आपल्या घरात कोण शिकलंय? शेजारचा रंगारी म्हणाला की तिथे सदऱ्याची बटणं लावायला सांगतात, भरलेला पेला उचलायला सांगतात. मग काय, लागलो सरावाला. डावा हात, दात आणि हनुवटी यांची अशी युती जमवली की ज्याचं नाव ते. डॉक्टरांनी बटणं लावायला सांगितली, लावली. पेला उचलायला सांगितला, तर मी पाणीसुद्धा पिऊन दाखवलं. घरची कामं जमतात का विचारलं, तेव्हा सगळं जमतं, कशात काही अडत नाही, असं ठणकावून सांगितलं. डॉक्टर खूश होऊन शाब्बास म्हणाले.

तिथे भिंतीवर मोठा फलक आहे. सगळ्या जिल्ह्यांत अपंगांचं प्रमाण आपल्या जिल्ह्यात सर्वांत कमी, असं त्यावर लिहिलंय. कारकुनानं तो मला मोठ्या अभिमानानं दाखवला. मला हसू आवरेना. आमच्या मिलमध्ये दहाही बोटं शाबूत असली तर त्या माणसाला नवशिका म्हणतात. मोठ्या करवतीवरच्या उस्तादाकडे तर बोटं कमी आणि किस्से जास्त, पण त्याला अपंग म्हणायची कुणाची छाती आहे?

भत्ता सुरू झाला की भिंगरीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष सुखानं पार पडेल. पोरगी शिक्षण सोडून माझ्या जागी करवतीवर उभी राहते म्हणून हट्टाला पेटली होती. आता तिचं तोंड आपोआप बंद होईल. भाऊजींना नमस्कार. लोभ आहेच, तो असाच दांडगा असू दे.

तुझा,
धाकटा


ता. ११ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पत्र वाचून कपाळावर हात मारून घेतला. अरे, ही काय शाळेची परीक्षा होती, सराव करून पास व्हायला? ते तुला काय जमत नाही हे बघायला बसले होते आणि तू त्यांना सर्कस दाखवून आलास. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

सगळं जमतं म्हणे. मग मी उन्हाळ्यात आले होते तेव्हा माझी भावजय तुला घास कालवून देत होती आणि माझी चाहूल लागली की तू ताट बाजूला सारत होतास, ते काय होतं? मी पाहिलं नाही असं वाटलं का तुला? हात खांद्यापर्यंत ठणकायला लागला की तू भिंतीला टेकून रात्र काढतोस, हे त्या डॉक्टरांना कोण सांगणार, भिंत? लहानपणी अंगात ताप घेऊन शाळेत जायचास आणि बाबांनी विचारलं की मजेत आहे म्हणायचास. पन्नाशी आली तरी खोड गेली नाही.

माझ्या दुकानात ब्लाउज शिवायला येणाऱ्या एक बाई अशाच एका कार्यालयातून निवृत्त झाल्यात. त्यांना तुझा पराक्रम सांगितला तर त्यांनी डोळेच मिटून घेतले. नकार येणार हे धरून चाला, म्हणाल्या. पण त्यावर अपील करता येतं, आणि तिथे आपल्या चांगल्या दिवसाचं नाही, वाईट दिवसाचं सांगायचं असतं. माझं म्हणणं खोटं ठरलं तर तुला फुकट सूट शिवून देईन. खोटं ठरावं अशी फार इच्छा आहे.

रागावले आहे, पण माया तसूभरही कमी केलेली नाही.

तुझी,
ताई


ता. २ मार्च

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सुटाचं कापड आणू नकोस. नकार आला. अर्जदार रोजची सगळी कामं स्वतः करू शकतो, असं कारण दिलंय. माझंच वाक्य मला नीट टाइप करून परत पाठवलंय.

अपील मात्र मी करणार नाही. मिलमध्ये बातमी फुटली आणि उस्ताद सगळ्यांदेखत म्हणाला की आपल्यात हात पसरणारा हा पहिलाच निघाला. ज्यांच्या खांद्याला खांदा लावून जन्मभर ओंडके उचलले, त्यांच्यासमोर आता कुठे तोंड दाखवू? झाकली मूठ सव्वा लाखाची, ताई.

भिंगरीनं कुणाचंच ऐकलं नाही. नकार वाचला आणि सरळ मालकांकडे जाऊन नोकरी ठरवून आली. मे महिन्यापासून माझ्याच करवतीवर. मालकांनी तिच्या मापाचा चामडी एप्रनसुद्धा काढून ठेवलाय. काल ती अंगणात नखं कापत बसली होती. मी समोर बसून नुसती तिची बोटं बघत होतो. जेवण गेलं नाही. फार भीती वाटते गं. हे तुझ्याशिवाय कुणाला लिहू?

तुझा लोभ आहे म्हणून एवढं तरी बोललो.

धाकटा


ता. ७ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझी लाज मोठी की तिची बोटं मोठी, एवढंच मला सांग.

भत्ता म्हणजे भीक नव्हे. तू कापलेल्या फळ्यांवर किती जणांची घरं उभी आहेत, आणि तुझ्या पगारातून कर कापताना कुणाला लाज वाटली नव्हती. उस्तादाला बोलायला काय जातं? त्याच्या बायकोला विचार, त्याची बटणं कोण लावतं ते.

अपिलाचा अर्ज त्या बाईंकडून लिहून घेतलाय, सोबत पाठवते आहे. सही करून आजच्या आज दे. सुनावणीच्या दिवशी मी येणार. दुकान तुझे भाऊजी बघतील. त्यांना शिवणातलं काही कळत नाही, पण गिऱ्हाईक परत पाठवायला छान जमतं. यावेळी कसलाही सराव करायचा नाही. जसा आहेस तसा जा.

तुला आणि माझ्या त्या खुळ्या भाचीला पोटभर आशीर्वाद.

ताई


ता. १९ एप्रिल

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

भत्ता मंजूर झाला. पहिल्याच ओळीत लिहितो आहे, नाहीतर तू पत्र शेवटाकडून वाचायला लागली असतीस.

सुनावणीला तुला दाराबाहेर बसवलं आणि नंतर मीही तोंड उघडलं नाही, म्हणून आत काय झालं ते आता सांगतो. यावेळी डॉक्टर बाई होत्या. त्यांनी तेच बटण लावायला सांगितलं. बटण निसटलं. परत धरलं, परत निसटलं. सवयीनं दात पुढे आले होते, पण भिंगरीची बोटं डोळ्यांपुढे आली आणि मी थांबलो. बाईंनी पेन खाली ठेवलं, कसलीही घाई केली नाही. मग मी म्हणालो की मला जमत नाही, रोज बायको लावते. ताई, एवढं बोलायला मला ओंडका उचलण्यापेक्षा जास्त जोर लागला. पण एकदा बोललो आणि मग ताट, आंघोळ, रात्रीचं दुखणं, सगळंच बाहेर पडलं. रडलोसुद्धा. तुमच्या मिलमधून अर्जच का येत नाहीत, असं त्यांनी विचारलं. आम्ही सगळेच मजेत असल्याची थाप मारतो, असं मी सांगून टाकलं.

मंजुरी आल्याचं कळल्यावर रविवारी सकाळी उस्ताद दारात उभा. हवापाण्याच्या गप्पा झाल्या, चहा झाला, तरी गडी मुद्द्यावर येईना. शेवटी त्याची बायकोच बोलली की यांचाही अर्ज भरायचाय. मग एक एक करत मिलमधली निम्मी मंडळी माझ्या ओसरीवर आली. आम्ही सगळे मिळून कार्यालयात गेलो तेव्हा कारकुनाला दुसरी खिडकी उघडावी लागली. आता जिल्ह्याचा आकडा चढणार म्हणून तो बिचारा कुरकुरत होता. उस्तादानं त्याला समजावलं की आकडा चढत नाहीये, आम्ही पहिल्यापासून इथेच होतो.

काल मालकांकडे गेलो. आजवर दाराशी उभा राहूनच बोलत आलो, काल खुर्ची ओढून बसलो. भिंगरी येणार नाही, ती शेवटच्या वर्षाची फी भरून आली आहे, असं सांगितलं. मग त्या करवतीवर कुणाला उभं करू, असं ते म्हणाले. म्हटलं, कुणालाही करा, पण पात्याला आधी जाळी बसवा. जाळी नसली तर तक्रार कुठे करायची, ते आम्ही भत्त्याच्या कार्यालयात विचारून पाठ केलंय. त्यांनी हिशेबाची वही पुढे ओढली, तरी मी उठलो नाही.

आज सकाळी करवत बंद होती. जाळी बसवायला माणूस आला होता आणि अख्खी मिल काम सोडून बघत उभी होती.

तुझ्या लोभाच्या जोरावर उभा असलेला,
धाकटा